४५ डिग्रीच्या नागपुरात रेंडर मशीन, कॅबिनेट कोणतं घेऊ?

ऑरेंजसिटी_रेंडर

नमस्कार मंडळी. बाकी सगळं ठरलंय, कॅबिनेटपाशी गाडी अडलीये. मी इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू करून देते, आर्किटेक्ट लोकांची कामं असतात, म्हणजे गेमिंग वगैरे नाही, पण रेंडर लावलं (म्हणजे मशीनने व्ह्यूचं फायनल चित्र बनवायला घेतलं) की सीपीयू नाहीतर जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) तासन्‌तास फुल लोडवर, आणि क्लायंटला सगळं सकाळीच हवं असतं त्यामुळे बहुतेक वेळा रात्रभर. पार्ट असे: रायझन ९ ९९५०एक्स, आरटीएक्स ५०७० टीआय (जे कार्ड मिळून राहिलंय ते तीन पंख्यांचं आहे, लांबी ३३० मिमी), ६४ जीबी रॅम, साधा एटीएक्स मदरबोर्ड, ८५० वॅटचा पॉवर सप्लाय. सीपीयूच्या कूलरचं नक्की नाही, ३६० मिमी रेडिएटरचा लिक्विड (पंपाने पाणी फिरवणारा) घ्यावा की मोठा एअर कूलर (नुसता पंखा आणि पत्रे), तेही सांगा.

कॅबिनेटला बजेट दहा हजार, फारच ताणलं तर बारा. भाऊ म्हणतो दोन बाजूंनी काचेचं ते फिशटँक टाइप घे, क्लायंट घरी येतात, इम्प्रेशन पडतं. दुकानदार म्हणतो मॅडम कोणतंही घ्या सगळी सारखीच, आत आरजीबी (रंगीत लाइटचे) पंखे किती आहेत तेवढं बघा. मला दोघांचंही पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये.

खोलीत एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा कूलर लावूनही आत ३४-३५ असतंच. शेजारच्या प्लॉटवर फ्लॅट स्कीमचं काम चालू आहे, धुळीबद्दल तर बोलायलाच नको. सुताराने करून दिलेल्या टेबलाला सीपीयूचा कप्पा आहे, आतून रुंदी २४ सेंमी, उंची ५० सेंमी, मागे प्लाय ठोकलेलं, त्यात बसलं तर उत्तम. जुनं मशीन उन्हाळ्यात भर दुपारी आपोआप बंद पडायचं, एवढे पैसे घालून तीच कटकट परत नको.

पंखा१४०

ताई, आधी आकडे मांडा, कॅबिनेट आपोआप ठरतं. ९९५०एक्सवर टीडीपी (कंपनीने लिहिलेला उष्णतेचा आकडा) १७० वॅट असतो पण फुल लोडला तो त्याहून जास्तच ओढतो, ५०७० टीआय ३०० वॅट, मदरबोर्ड रॅम पंखे धरले की दोन्ही एकदम चालू असताना साडेपाचशे-सहाशे वॅटचा हिशोब होतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच त्या डब्यातून बाहेर पडणार, म्हणजे तुम्ही रात्रभर खोलीत एक छोटा रूम हीटर लावून झोपणार आहात असं समजा.

दुसरी गोष्ट, लिक्विड घ्या नाहीतर एअर, यातला कोणताही कूलर पार्टला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, खोलीच्या वर किती डिग्री राहायचं एवढंच त्याच्या हातात. २५ च्या खोलीत कार्ड ६८ ला चालत असेल तर ३५ च्या खोलीत पंख्यांच्या त्याच स्पीडला ७८ च्या आसपास जाणार. यूट्यूबवरच्या टेस्ट बहुतेक एसीतल्या असतात, ते आकडे बघून खूश होऊ नका, नागपूरसाठी त्यात दहा-बारा मिळवूनच चाला. आणि गेममध्ये लोड वरखाली होतो, तुमच्या कामात होत नाही, त्यामुळे डब्यातली गरम हवा बाहेर जातेय का हा तुमच्यासाठी पहिला प्रश्न आहे, दिसण्याचा नंबर बराच नंतर.

म्हणून समोरचं पॅनल जाळीचंच पाहिजे. समोर सपाट काच किंवा प्लॅस्टिक आणि हवेला बाजूला बोटभर फट, असली कॅबिनेट अजूनही खंडीभर विकली जातात, त्यात पंखे तीन असले तरी ते त्या फटीतून दम लागल्यासारखी हवा ओढतात आणि आवाज तेवढा वाढतो.

तुमच्या बजेटमध्ये माझं मत लियान लीच्या लॅनकूल २१६ ला. समोर १६० मिमीचे दोन पंखे आणि मागे १४० चा एक असे येतानाच मिळतात, कार्ड ३९२ मिमीपर्यंत बसतं, एअर कूलर १८० मिमी उंचीपर्यंत, आणि वर ३६० चा रेडिएटर लावायचा असेल तर आतला मदरबोर्ड थोडा खाली सरकवून वर जागा करता येते. कोर्सेअर ४०००डी एअरफ्लो पण चांगलं, २०२० पासून लोक डोळे झाकून घेतायत, फक्त त्यात वर ३६० बसत नाही, २८० पर्यंतच, ३६० लावायचा तर समोर लावावा लागतो आणि मग तुमच्या ३३० च्या कार्डाशी घासाघीस. भावाला दिसणंच हवं असेल तर फ्रॅक्टल नॉर्थ दाखवा, समोर लाकडी पट्ट्या आहेत आणि इंटिरियरवाल्यांच्या टेबलावर ते खरंच शोभतं, पण ते बाराच्या वर जाईल बहुतेक आणि त्यातही वर २४० च बसतो.

काचघर

पंखा१४० शी अर्धं सहमत. फिशटँकला लोक उगाच बदनाम करतात राव. त्यात समोरून हवा येत नाही हे खरं, पण खालून येते, आणि खालचे तीन पंखे थेट कार्डाच्या पंख्यांत हवा फेकतात, त्यामुळे कार्डाचं तापमान कित्येकदा जाळीवाल्यापेक्षा चांगलं मिळतं. माझं स्वतःचं लियान लीच्या ओ११ डायनॅमिक टाइपचं (फिशटँकच) आहे, खाली तीन, बाजूला तीन, वर ३६० चा रेडिएटर, मागे एक. मुंबईत एसीशिवाय चालवतो, तक्रार नाही.

पण खरं सांगायचं तर खर्च बघून घ्या. या टाइपची बरीच चांगली कॅबिनेट रिकामी येतात, एक पंखा नसतो आत. दहा हजारांचं कॅबिनेट घेतलं आणि सहा-सात बरे पंखे घेतले की बजेट कुठल्या कुठे. दुकानदार जे सात आरजीबी पंख्यांसकट स्वस्तात देतो ना, ते पंखे एकाच ठराविक स्पीडला फिरणारे असतात, मोलेक्सवर (पॉवर सप्लायच्या जुन्या प्लगवर) नाहीतर त्यांच्याच सहा पिनच्या वेगळ्या हबवर, मदरबोर्डवरून कंट्रोल शून्य, एक बिघडला तर बाजारात त्या पिनचा दुसरा मिळत नाही. चार पिनचे पीडब्ल्यूएम (मदरबोर्डवरून स्पीड बदलता येणारे) पंखे आहेत का एवढं आधी विचारायचं, दुकानदार गडबडला की काय ते समजून जायचं.

पंखा१४०

@काचघर खालून हवा ओढणाऱ्या कॅबिनेटला शेजारी बांधकाम असलेल्या घरात कोण ठेवणार? खालची जाळी आठवड्यात बुजते आणि ती काढायची म्हणजे वीस किलोचं धूड उचलून आडवं करायचं. समोरची जाळी उभ्या उभ्या फडक्याने पुसता येते.

ताई, धुळीचं गणित सोपं आहे. आत हवा ढकलणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ताकदीचे ठेवा, म्हणजे आत किंचित जास्त दाब राहतो आणि फटीफटीतून हवा बाहेर येते, आत शिरत नाही, जी शिरते ती जाळीतूनच. उलट झालं तर मागच्या पीसीआय स्लॉटच्या (कार्ड लावायच्या जागेच्या) भोकांतून, यूएसबीच्या फटीतून सगळीकडून धूळ आत. तपासायला अगरबत्ती पेटवा, मशीन चालू असताना मागच्या फटींपाशी धरा. धूर बाहेर ढकलला जात असेल तर ठीक, आत ओढला जात असेल तर वरचे पंखे कमी करा किंवा समोरचे वाढवा. धूर थोडाच, दोन सेकंद, आत फुंकू नका. वर ३६० चा रेडिएटर लावला की बाहेर फेकणारे एकदम चार पंखे होतात (वर तीन, मागे एक), तेव्हा हे हमखास उलटं होतं, मग मागचा पंखा बराच हळू ठेवायचा.

बर्डीवाला

मी नागपूरचाच. ताई, सगळे पंखे मोजून राहिले पण तुमचं खरं संकट त्या टेबलाच्या कप्प्यात आहे, ते कोणी पाहिलंच नाही. लॅनकूल २१६ ची उंची ४९२ मिमी आणि रुंदी २३५. तुमचा कप्पा ५०० बाय २४०. बसेल तं बरोबर, पण वर आठ मिमी, बाजूला अडीच-अडीच मिमी, मागे प्लाय. गरम हवा जाईल कुठं? तीच मागून फिरून समोर येईल आणि मशीन स्वतःचीच गरम हवा पित बसेल. बारा हजाराचं जाळीचं कॅबिनेट घेऊन त्या कप्प्यात घातलं तं सगळं मुसळ केरात. जुनं मशीन दुपारी बंद काऊन पडत होतं त्याचं उत्तर पण मला तं तिथंच दिसून राहिलं. कप्प्यात प्रिंटर ठेवा, कॅबिनेट टेबलाच्या बाजूला वीतभर उंच लाकडी स्टूलवर, मागे भिंतीपासून निदान वीतभर जागा सोडून. जमिनीवर नको, झाडू मारला की सगळी धूळ पॉवर सप्लायच्या खालच्या जाळीत.

डेझर्ट कूलरबद्दल लोक भीती घालतात की दमट हवेनं बोर्ड जळतो. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की कूलर लावून पण काही होत नाही, आणि मशीनचे पार्ट खोलीपेक्षा गरम असतात त्यामुळे त्यांच्यावर दव धरायचा प्रश्न नाही. भीती वेगळी आहे. पंप जोरात असला नाहीतर वाळ्याच्या, गवताच्या पट्ट्या जुन्या झाल्या की कूलर हवेबरोबर बारीक थेंब फेकतो, आणि आपलं बोअरचं पाणी किती जड आहे ते बादलीच्या कडेला दिसतंच. ते थेंब पंख्याच्या पात्यांवर आणि रेडिएटरच्या पत्र्यांवर पांढरे डाग धरतात, नंतर निघत नाहीत. कूलरच्या थेट तोंडासमोर हात धरून पाहा, ओलसर लागला तं मशीन त्या रेषेत नको, तिरकं ठेवा.

आणखी एक, कॅबिनेट घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग पाहून घ्या. आपल्याकडं जुन्या घरांत थ्री पिन सॉकेट असतो, वरच्या भोकात वायरच नसते. मग पॉवर सप्लायच्या आत जे फिल्टरचे कपॅसिटर असतात त्यांच्यामुळं कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मा व्होल्टेज येऊन बसतो, करंट अगदी कमी असतो पण हात लावला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात कॅबिनेट खराब. कॅबिनेटचा काही दोष नाही बाप्पा, घराचा आहे. अनवाणी पायानं ओल्या फरशीवर उभं राहून यूएसबी लावली तं चांगलाच कळतो तो.

जुना_असेंबलर

बर्डीवाले भाऊंचं कप्प्याचं अगदी बरोबर. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला बरीच वर्षं मशीनं बांधली, त्यातून आलेलं थोडं सांगतो.

ताई, तुमच्या कामाला मी एअर कूलर घ्या म्हणेन. लिक्विड वाईट नाही, पण पंप ही एक बिघडणारी वस्तू वाढते आणि ती रात्री तीन वाजता रेंडर चालू असताना बिघडते. दोन टॉवरवाला चांगला एअर कूलर १५५ ते १६५ मिमी उंच असतो, डीपकूलचा एके६२० घ्या १६० आहे, नॉक्टुआचा एनएच-डी१५ घ्या १६५. स्वस्त कॅबिनेटच्या डब्यावर बारीक अक्षरात १६० नाहीतर १५५ लिहिलेलं असतं आणि मग काच बंद होत नाही, लोक काच काढून वापरतात. २१६ मध्ये ती अडचण नाही. मोठ्या एअर कूलरचा पुढचा पंखा रॅमवर येतो, त्यामुळे डोक्यावर लाइटचे तुरे असलेली उंच रॅम घेऊ नका, साधी बुटकी घ्या.

एअरवर ९९५०एक्स उन्हाळ्यात ९५ ला जाईल, घाबरू नका. एएमडीने तीच कमाल मर्यादा ठेवलीये, तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक (स्पीड) थोडा खाली घेतो, बंद पडत नाही. तरी मी असतो तर एप्रिल ते जून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी वीज ओढायचा मोड, १०५ वर ठेवला असता. मग तो साधारण १४२ वॅटच ओढतो आणि रेंडरचा वेळ त्या मानाने थोडाच वाढतो. कार्डाची पॉवर लिमिट थोडी खाली आणली तरी तसंच. महाग कॅबिनेटने जे चार डिग्री मिळतील त्याच्यापेक्षा जास्त या दोन सेटिंगमध्ये फुकट मिळतात. कोणी सांगत नाही कारण यात विकायला काही नाही.

आता बारीक गोष्टी. समोरचा टाइप-सी पोर्ट चालायला मदरबोर्डवर त्याचं वेगळं हेडर (केबल लावायची जागा) लागतं, ते आहे का बघा, नसलं तर तो पोर्ट नुसता शोभेचा. लाइटची पिन: एआरजीबी तीन पिनची ५ व्होल्टची, जुनी आरजीबी चार पिनची १२ व्होल्टची, जबरदस्तीने उलटसुलट घातली की लाइट गेले. तुमच्या कार्डाची पॉवर केबल १६ पिनची आहे, कनेक्टरपासून निदान ३५ मिमी केबल सरळ राहिली पाहिजे, लगेच मुरडायची नाही, म्हणून कॅबिनेटची रुंदीही मोजायची असते, फक्त लांबी नाही. काच केबलला दाबत असेल तर ते कॅबिनेट बाद.

मागचे पीसीआय स्लॉटचे पत्रे स्क्रूचे आहेत का बघा. स्वस्तातले मुरडून तोडायचे असतात, एकदा तोडले की भोक कायमचं. त्यातून पाल शिरते. हसू नका, पॉवर सप्लायमध्ये भाजलेली पाल मी काढलेली आहे, आणि केबल कुरतडणारा उंदीर तर घरोघरी.

आणि कुठल्याही दुकानातून असेंबल करून ट्रान्सपोर्टने मागवत असाल तर कार्ड वेगळ्या डब्यात पाठवायला सांगा. दीड किलोचं कार्ड आडवं लटकलेलं, ट्रकच्या धक्क्यांनी स्लॉट मुळासकट निघतो, मग दुकान म्हणतं ट्रान्सपोर्ट आणि ट्रान्सपोर्ट म्हणतं दुकान.

ऑरेंजसिटी_रेंडर

बापरे, खूप धन्यवाद सगळ्यांना, इतकं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. @बर्डीवाला भाऊ, तुमचं वाचून जुन्या मशीनच्या मागच्या प्लायला हात लावून बघितला, आता डिसेंबर आहे तरी रेंडर चालू असताना ते प्लाय चांगलं कोमट लागून राहिलं. कप्पा रद्द. सुताराकडून छोटा स्टूल करून घेते. इलेक्ट्रिशियन येऊन गेला, खोलीतल्या त्या सॉकेटला अर्थिंग नव्हतंच, स्वयंपाकघरातल्या मोठ्या पॉइंटला होतं, तिथून वायर ओढून देतो म्हणाला.

२१६ आणि एके६२० असं ठरवलं. भावाला नॉर्थचा फोटो दाखवला, त्याला आवडलं, पण किंमत बघून स्वतःच म्हणाला जाळीवालं घे. काळं घेऊ की पांढरं? धूळ कशावर कमी दिसते? आणि असेंबली मी घरीच करणार आहे, पहिल्यांदाच, काही सांभाळायचं असेल तर सांगा.

पंखा१४०

काळ्यावर पांढरी धूळ जास्त दिसते, पांढऱ्यावर दोन वर्षांनी पिवळट छटा येते. मी पांढरं घेतलं असतं, पण ते शंभर-दोनशे... कधी कधी हजारानेही महाग असतं, तेवढ्यात एक जादा पंखा येतो.

काचघर

पांढरं घ्या 🙂 क्लायंट येतात ना.

जुना_असेंबलर

घरी बांधताना सगळ्यात आधी काच काढा आणि ती गादीवर किंवा जाड सतरंजीवर आडवी ठेवा, फरशीवर अजिबात नको. टेम्पर्ड काच वरून ठोकली तर काही होत नाही पण तिचा कोपरा व्हिट्रिफाइड टाइलला नुसता टेकला तरी अख्खी काच साखरेएवढे तुकडे होऊन खाली, टाइल काचेपेक्षा कडक असते म्हणून. आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराची नवी कोरी काच अशीच गेली, वॉरंटीत बसत नाही.

मदरबोर्ड बसवायच्या आधी मागची आयओ पट्टी (पोर्टांभोवती बसणारा पत्रा) बघा, काही बोर्डांना ती सुटी येते आणि सगळं झाल्यावर डब्यात तळाशी सापडते. कूलर मदरबोर्डवर बाहेरच बसवून घ्या, कॅबिनेटमध्ये घातल्यावर वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची सीपीयू केबल लावायला बोटं जात नाहीत, ती केबल आधी ओढून ठेवा. समोरच्या पॉवर बटणाच्या बारीक पिना सगळ्यात शेवटी, मोबाइलचा टॉर्च लावून, मॅन्युअल उघडं ठेवून. अडलं तर फोटो टाका इथे, रविवारी मी असतो.

बर्डीवाला

आणि बर्डीत असाल तं सांगा, अर्थिंग पाहायला माझ्याकडं मीटर आहे. अर्थ आणि न्यूट्रलमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तं त्या इलेक्ट्रिशियनला परत बोलवा, पैसे नंतर द्या.